बॉम्बे नावाचं रक्त

'रक्ताचं नातं' हा शब्द आपण फार सहज वापरतो. सोयरीक जुळवताना वापरतो, भाऊबंदकीत भांडतानाही वापरतो. पण एकाचं रक्त दुसऱ्याला चालेल की नाही, हे ठरतं साखरेच्या एका कणावर. ही गोष्ट जगाला उलगडली त्यात मुंबईच्या परळचा मोठा वाटा आहे.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले. त्यातला 'ओ' गट सर्वांना चालतो, असं मानलं जाऊ लागलं. मग १९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यासमोर एक कोडं आलं. काही माणसांचं रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसे. पण 'ओ' गटाच्या रक्ताशी जुळवून पाहिलं की गुठळ्या होत. तपासणी चुकली असेल, असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्यांनी सोडलं नाही. लंडनच्या तज्ज्ञांची जोड घेतली आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निबंध छापला. या रक्ताला पुढे शहराचंच नाव मिळालं: बॉम्बे रक्तगट.

कोडं असं होतं. आपल्या तांबड्या पेशींवर प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात, आणि त्यांना साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. ही जोडणी करणाऱ्या कारागिराला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. समजा, एक कारागीर भिंतीत खुंटी ठोकतो. ती खुंटी म्हणजे फ्यूकोज नावाची साखर. मग 'ए'चा कारागीर तिच्याजवळ एक साखर लावतो, 'बी'चा दुसरी. 'ओ' गटात नुसती खुंटी राहते. बॉम्बे गटात खुंटी ठोकणाराच नसतो. 'ए' किंवा 'बी'चा कारागीर हजर असला तरी तो हात चोळत बसतो. आणि त्या शरीरानं खुंटी कधी पाहिलेलीच नसते. त्यामुळे बाहेरून आलेल्या 'ओ' रक्तालाही ते शत्रू समजतं. ही खुंटी ठोकणाऱ्या विकराचं जनुक १९९० साली अमेरिकेत हाती लागलं.

यातून आणखी एक गोष्ट कळली. १९५५ साली अमेरिकेतल्या एका कुटुंबात असं दिसलं, की 'ओ' वाटणाऱ्या आईकडून मुलीला 'बी' गट मिळाला होता. वरवर पाहणारा म्हणेल, हे मूल हिचं नव्हेच. आपल्याकडे तर अशा वेळी संशयाचं बोट बाईकडेच वळतं. रक्तगटाच्या एका चिठ्ठीवर कुणाचं आईपण, कुणाची अब्रू तोलू नये, हे या रक्तानं शिकवलं.

याच विकराचं एक भावंड लाळेत आणि आतड्यात काम करतं. ते ज्यांच्यात नसतं, त्यांना जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसचे बरेच प्रकार बाधत नाहीत. म्हणजे उणेपण कधी ढालही होतं.

भारतात सुमारे १०,००० माणसांत एक बॉम्बे गटाचा, युरोपात १० लाखांत एखादा. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हा गट होतो. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा चुलतभावंडांत लग्नं होतात, तिथे त्याची शक्यता वाढते.

१९९५ साली शहराचं नाव मुंबई झालं, रक्ताचं बॉम्बेच राहिलं. या माणसांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. तुमच्या घरात कुणाचा हा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी जरूर करा. प्रत्येकाचाही तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. रक्तपेढीत नाव नोंदवा. आणि कुठल्याही रुग्णाला रक्त देण्याआधी होणाऱ्या जुळणीच्या तपासणीला वेळ लागतो म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नका. परळला हे रक्त सापडलं ते त्याच तपासणीत.