गाढव, तलवार आणि कळस

एखादी गोष्ट पक्की करायची असली की आपले पूर्वज ती दगडात कोरायचे. पण कोरायचं काय, अक्षर की चित्र? मी मूळचा कळसचा (तालुका इंदापूर). आमच्या बाजूला जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात, तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे.

वीरगळ वाचायचा खालून वर. तळाला मरून पडलेला वीर, कधी शेजारी गुरं, म्हणजे हा गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात. मग शिवलिंगाची पूजा, चंद्र-सूर्य, आणि शेंड्यावर बऱ्याचदा कळस (गावाचा अभिमान म्हणून सांगितलं!). अक्षरओळख नसलेल्यालाही सगळं कळतं. कळत नाही फक्त नाव. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेखच नसतो. ज्याची आठवण राहावी म्हणून दगड उभा केला, तो कोण हेच गायब. बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर अख्खी आरमारी लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या जहाजांसकट. ती शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची, साधारण 1265 ची, असं बरेच अभ्यासक मानतात. पण हा तर्क बाहेरच्या पुराव्यांवरून; दगड गप्प आहे. कॉमेंट न लिहिलेला कोड, आणि लिहिणारा केव्हाच गेला.

गधेगाळीचं उलट. परळचा शिलालेख घ्या: शिलाहार अपरादित्य, शके 1108 म्हणजे इ.स. 1187. सध्या तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. राजाचा थाट, दानाचा तपशील, सगळं संस्कृतात. शेवटची शिवी मात्र खणखणीत मराठीत! हे दान जो मोडेल त्याच्या आईला गाढव... पुढचं तुम्हाला कळलं. आणि मराठीही वाचता येत नसेल त्याच्यासाठी खाली तेच चित्र. संस्कृत पंडिताला, मराठी कारकुनाला, गाढव उरलेल्या सगळ्यांना. डोकं लावलंय, हे मानायलाच हवं. पण दान मोडणार बाप्या आणि भोगणार त्याची आई, हे काही पचत नाही.

पिंगुळीच्या चित्रकथीत चित्राबरोबर सांगणारा माणूस असतो, त्यामुळे नाव हरवत नाही. अर्थात, माणूस आहे तोवर.

दगडांचं पुढे काय झालं? वीरगळांना ठिकठिकाणी शेंदूर फासून देव केलं, आता थराखालचं चित्रही दिसेना. काही गधेगाळी अपशकुनी म्हणून पुरल्या गेल्या. आणि काही गावांत त्या देवी म्हणून पुजल्या जातात.