शस्त्राची ठेवण : दारूखान्यापासून पोलादी कपाटापर्यंत

घरांत बंदूक असणें ही आपल्या समाजांत फार थोड्या कुटुंबांची गोष्ट आहे. त्यामुळें ती ठेवावी कशी, हा प्रश्न पुष्कळ वाचकांस परका वाटेल. परंतु ज्या घरांत ती आहे त्या घरांत मुलेंही आहेत, संतापणारीं व खचणारीं माणसेंही आहेत, आणि त्या घराला शेजारही आहे. म्हणून हा प्रश्न केवळ शिकाऱ्याचा किंवा पोलिसांचा नाहीं. तो गृहव्यवस्थेचाही आहे. आपल्या पूर्वजांनीं त्याचा विचार चांगला बारकाईनें केलेला होता, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सन १७१५ च्या सुमाराचें, रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें ‘आज्ञापत्र’ आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतों. परंतु त्यांत किल्ल्यांच्या बंदोबस्ताचा विचार करतांना दारूखान्याविषयीं ज्या सूचना दिल्या आहेत, त्या आजच्या गृहस्थानेंही लक्षांत घेण्यासारख्या आहेत. दारूखाना राहत्या घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखालीं नसावा. त्याच्याभोंवतीं झाडांचें दाट कुंपण असावें. दारू तळघरांत माचावर ठेवावी व तिला सर्दी लागूं देऊं नये. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन ती बाहेर काढावी, तिला ऊन द्यावें आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. पहारा असावा, आणि परवानगीवांचून कोणासही आसपास येऊं देऊं नये, असा त्यांचा आशय आहे. यांतून पांच तत्त्वें निघतात : अंतर, कोरडेपणा, बंदिस्तपणा, नियमित तपासणी, आणि सर्व जबाबदारी एका ठराविक माणसाच्या शिरीं. तीनशें वर्षांत यंत्रें पुष्कळ बदललीं, पण या पांचांत सहावें तत्त्व फारसें कोणी घातलेलें नाहीं.

अर्थात् ही व्यवस्था सरकारी कोठाराची झाली. खासगी शस्त्राची गोष्ट निराळी होती. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे; शिलेदार मात्र घोडा व हत्यार स्वतःचें आणी, आणि मोहीम संपली कीं तें हत्यार त्याच्याबरोबर घरीं परत जाई. तेथें तें खुंटीवर टांगलें जाई, आणि खंडेनवमीस खालीं उतरवून, पुसून पूजिलें जाई. यांत निष्काळजीपणा दिसतो. पण त्या काळच्या बंदुकीची रचना ध्यानांत घेतली म्हणजे तो तितकासा वाटत नाहीं. तोड्याची बंदूक उडवावयाची तर नळींत दारू व गोळी ठासावी, काना रंजकेनें भरावा, तोडा पेटवावा आणि मग चाप ओढावा. पेटता तोडा जवळ नसेल तर खुंटीवरची बंदूक जवळजवळ काठीसारखीच. निराळ्या शब्दांत सांगावयाचें तर, त्या बंदुकीचें कुलूप तिच्या संथपणांतच होतें.

एकोणिसाव्या शतकांत हें कुलूप निघून गेलें. प्रथम टोपीची बंदूक आली आणि मग मागून काडतूस भरावयाची. आतां भरलेलें शस्त्र क्षणांत उडूं लागलें. जाणत्याच्या हातीं तसेंच अजाणत्याच्याही. ज्या काळांत बंदूक अशी तत्पर झाली, त्याच काळांत ती प्रजेच्या हातून काढून घेण्याचा सरकारचा उद्योग चालला होता. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा हत्यारांचा कायदा सर्वांस ठाऊक आहे. परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची एतद्देशीयांस बंदी झाली आणि युरोपियनांस मात्र मोकळीक राहिली. १८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रसभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि पुढें दोन पिढ्या या अपमानाचें शल्य राहिलें. त्याचा एक परिणाम मात्र सहसा कोणी नमूद करीत नाहीं. शस्त्र कोणाजवळ असावें, या वादानें सर्वांचें मन असें व्यापलें कीं, ज्याच्याजवळ तें आहे त्यानें तें कसें ठेवावें, हा प्रश्न मागेंच पडला.

तीर्थपुरी व तिच्या आसपासचा गोदाकांठ हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें; १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला; १९८१ सालीं औरंगाबादेपासून निघून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. भारताचा स्वतःचा शस्त्र-अधिनियम १९५९ सालचा. तो १९६२ पासून अंमलांत आला. तेव्हांपासून घनसावंगी तालुक्यांतील शेतकरी आणि मुंबईचा व्यापारी या बाबतींत एकाच नियमाखालीं आहेत.

आतां पेटीकडे वळूं. अर्देशिर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईस लालबागेंत कुलुपांचा कारखाना काढला आणि १९०२ च्या सुमारास तिजोऱ्या करण्यास आरंभ केला. पुढें पोलादी कपाटें आलीं आणि तीं मध्यम वर्गाच्या घरांत, विशेषतः लग्नाच्या प्रसंगानें, इतकीं रुळलीं कीं कोणत्याही कारखान्याच्या कपाटास लोक ‘गोदरेजचें कपाट’ म्हणूं लागले. बंदूक असलेल्या घरीं तिला याच कपाटांत, शालू, दागिने व खरेदीखतांच्या शेजारीं, जागा मिळणें स्वाभाविक होतें. पण येथें एक मूलभूत घोंटाळा आहे. तिजोरी बाहेरच्या माणसासाठीं बनविलेली असते. चोराला आंत येऊं न देणें हें तिचें काम. बंदुकीच्या पेटीला चोराबरोबर घरच्या माणसांपासूनही राखण करावयाची असते. दागिन्यांचें कपाट सणावाराला घरांतलीं चार माणसें उघडतात, किल्ली सर्वांस ठाऊक असते, आणि तें योग्यच आहे. तोच नियम बंदुकीस लावला कीं अनर्थ ओढवतो. दहा वर्षांच्या मुलाचें कुतूहल किंवा नापिकीनें खचलेल्या माणसाची एक काळी रात्र, यांच्या आड उभें राहण्यास कधीं कधीं एका किल्लीचाच काय तो आधार असतो.

इतर देशांनीं हा धडा कठोर रीतीनें घेतला. एप्रिल १९९६ मध्यें टास्मानियांत पोर्ट आर्थर येथें एका माणसानें ३५ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर ऑस्ट्रेलियानें बंदुका कुलूपबंद ठेवण्याचे नियम कडक केले. जपानांत बंदूक व काडतुसें निरनिराळ्या कुलुपांत ठेवावीं लागतात व पोलीस तपासणी करतात. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र-नियमांनीं परवाना मागणाऱ्याकडून शस्त्र हाताळण्याचें शिक्षण आणि तें सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी मागितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कायदा हमी मागतो; पेटी निवडणें हें शेवटीं गृहस्थाच्या विवेकावर आहे.

ही निवड करतांना अमात्यांचीं पांच तत्त्वें पुरेशीं आहेत. अंतर म्हणजे बंदूक रिकामी करूनच ठेवावी आणि काडतुसें दुसऱ्या पेटींत, दुसऱ्या कुलुपांत असावीं. बंदिस्तपणा म्हणजे पत्रा जाड असावा, बिजागऱ्या बाहेरून काढतां येऊं नयेत, आणि दाराचे अडसर एकाहून अधिक बाजूंनीं चौकटींत शिरावे; लोखंडी ट्रंकेचा कोयंडा पहारीच्या एका हिसक्याचा धनी असतो. हलकी पेटी दोन माणसें उचलून नेतात, म्हणून ती आंतून बोल्टानें जखडावी. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांच्या पांढरीच्या मातीच्या भिंतींत बोल्ट टिकत नाहीं. तेथें काँक्रीटच्या जमिनीचाच आधार घ्यावा. कोरडेपणा म्हणजे नळीस तेलाचा हात, आणि चामड्याच्या म्यानांत दीर्घकाळ न ठेवणें. कारण चामडें पावसाळ्याची ओल धरतें व लोखंडास गंज चढतो. तपासणी ठराविक दिवशीं व्हावी. केवळ खंडेनवमीची वाट पाहूं नये. आणि किल्ली देवघरांत, उशाखालीं किंवा खिळ्यावर नसावी. ती ज्याच्या नांवें परवाना आहे त्याच्याजवळच असावी. आंकड्यांचें कुलूप असेल तर तो आंकडा मुलाची जन्मतारीख नसावा.

निवडणुका आल्या म्हणजे परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यांत जमा करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवसांत परवानेदार कुरकुरतो; परंतु त्या रिवाजांत एक मान्यता आहे : माणसांचीं मनें तापलेलीं असतां शस्त्र हाताशीं नसलेलें बरें. मनें केवळ निवडणुकींतच तापतात असें नाहीं. घरांत तीं केव्हां तापतील हें कोणतेंही सरकार आधीं सांगूं शकत नाहीं. म्हणून वर्षाचे बाकीचे दिवस ठाण्याचें काम त्या पोलादी पेटीनें करावयाचें असतें, आणि तिच्या हवालदाराचें काम घरधन्यानें.