लुग्डुनिन
लुग्डुनिन : मानवी नाकात वास करणाऱ्या स्टॅफिलोकोकस लुग्डुनेन्सिस या जीवाणूने तयार केलेले प्रतिजैविक पेप्टाइड. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. जीवाणूचे नाव फ्रान्समधील ल्यों शहराच्या लुग्डुनम या लॅटिन नावावरून पडले. नाकात पोषकद्रव्ये तुटपुंजी असल्याने जीवाणूंत चढाओढ चालते. लुग्डुनिन हे त्यातले अस्त्र होय. त्याचा रेणू वलयाकार असून त्यात थायाझोलिडीन वलय असते. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचाही ते नाश करते. १८७ रुग्णांच्या नाकांतील नमुने तपासले असता, लुग्डुनेन्सिस असलेल्यांपैकी ५.९ टक्के, तर नसलेल्यांपैकी ३४.७ टक्के रुग्णांत ऑरियस आढळला. पूर्वीची बहुतेक प्रतिजैविके मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिळाली होती; लुग्डुनिन मात्र मानवी शरीरातील जीवाणूपासून मिळाले.