शिष्यवृत्तीवर लिआँला गेलेले पशुवैद्य

अठराव्या शतकात बुळकांडीच्या साथींनी युरोपातील गोठे ओस पडत होते. जनावरांवर इलाज करी तो नालबंद. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई.

फ्रान्समधील लिआँच्या अश्वारोहण विद्यालयाचे प्रमुख क्लोद बुर्जला यांना हे पुरेसे वाटेना. घोड्यांवरील त्यांचा ग्रंथ तोवर प्रसिद्ध झाला होता. अर्थमंत्री बेर्तँ यांच्या पाठबळाने ४ ऑगस्ट १७६१ रोजी त्यांना राजाज्ञा मिळाली, सहा वर्षांसाठी ५०,००० लिव्रही मिळाले. फेब्रुवारी १७६२ मध्ये वेशीबाहेरच्या एका सराईत आधुनिक युरोपातील पहिली पशुवैद्यकीय शाळा भरली.

इमारत कशीबशी मिळाली, पण विद्यार्थ्यांचा खर्च कोणी सोसायचा? नालबंदाच्या मुलाला ही चैन परवडणारी नव्हती. तेव्हा फ्रान्सच्या प्रांतांनी आपापल्या तिजोरीतून मुले पाठवली, आणि पाठोपाठ परकी सरकारेही पुढे आली.

१७६३ मध्ये डेन्मार्कने पेटर आबिल्डगार्ड या तरुणाला पाठवले. स्वीडनहून आले पेटर हेर्नक्विस्ट: वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचे शिष्य आणि पस्तिशी ओलांडलेले! शिष्यवृत्ती कोवळ्या पोरांनाच मिळावी, असा दंडक तेव्हा नव्हता, हे बरेच झाले.

आबिल्डगार्ड यांनी १७७३ मध्ये कोपनहेगनला शाळा काढली. हेर्नक्विस्ट यांना अधिक थांबावे लागले. लिआँला गेल्यानंतर बारा वर्षांनी, १७७५ मध्ये, स्कारा या लहानशा गावी स्वीडनची पहिली पशुवैद्यकीय शाळा उघडली. १८०८ मध्ये त्यांना मृत्यू आला तोही स्कारातच.