नंबर लागतो की निवडतो? कॉलेजच्या पसंतीक्रमाचा आपल्याकडचा इतिहास

पीएचडी कशात करतोस, असं हिमायतनगरला कुणी विचारलं की मी "गणितात" म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर थोडं लांब आहे. अनेक विद्यार्थी, अनेक कॉलेजं, प्रत्येकाची आवड वेगळी, जागा मर्यादित. मग कुणाला कुठं बसवायचं? या वाटपाच्या गणिताला 'मॅचिंग' म्हणतात आणि माझं काम त्यातलंच आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की हा विषय घराघरांत पोचतो, फक्त त्याला कुणी गणित म्हणत नाही. म्हणतात, "पोराचा नंबर कुठं लागला?"

हा 'नंबर लागणे' शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. पुण्याकडचा माणूस "ॲडमिशन कुठे घेतलीस" असंही सहज विचारतो. आपल्याकडे मात्र नंबर लागतो, जसा दवाखान्यात किंवा रेशनच्या रांगेत लागतो. निवड आपण करतो असं त्यात कुठंच येत नाही. हे नुसतं भाषेचं वळण नाही, त्यामागं शंभरेक वर्षांचा अनुभव आहे. फॉर्म भरायच्या शेवटच्या संध्याकाळी आपण जे घोळ घालतो त्याचं मूळ मला तिथं दिसतं, म्हणून आज थोडा इतिहास.

आपलं गाव (जुनं नाव वाढोणा) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झालं आणि तिथलं शिक्षण उर्दूतून होतं. मराठवाड्यात औरंगाबादला 1923 मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघालं, म्हणजे इंटरपर्यंतची सोय झाली. त्यापुढं पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठा, नाहीतर संस्थानाची हद्द ओलांडून पुणे, नागपूर, मद्रास, कलकत्ता. गोविंदभाई श्रॉफ गणित शिकायला कलकत्त्यापर्यंत गेले. घरची ऐपत असलेले मोजकेच असं करू शकत. शेतकऱ्याच्या पोरापुढं पर्यायांची यादी नव्हतीच, यादीत एकच ओळ होती आणि तीही परक्या माध्यमाची.

या काळातली एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला. निजाम सरकारनं ते बंद केलं. मुलं मागं हटली नाहीत, तेव्हा शेकडो जणांची नावं कमी करण्यात आली. संस्थानातली सगळी दारं एका फटक्यात बंद. तेव्हा नागपूर विद्यापीठानं, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, यातल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही या चळवळीमुळे नागपूरला शिकायला गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण राष्ट्रीय चळवळ म्हणून येतं आणि ते बरोबरच आहे. पण मी ते प्रवेशाच्या अंगानंही वाचतो. वर्षाच्या मध्यात कॉलेज सुटलेली ही पोरं. त्यांना कुठल्या विषयाला, कुठल्या शहरात जायचं हे ठरवायला किती दिवस मिळाले असतील? निवड म्हणावी तर ही निवडच होती, पण तिची किंमत घर सोडणं ही होती.

17 सप्टेंबर 1948 नंतर चित्र बदललं, पण हळूहळू. 1950 मध्ये औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्यामागं स्वामी रामानंद तीर्थ होते. तरीही ही कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती. आपलं असं विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादला झालं. औरंगाबादचं सरकारी मेडिकल 1956 चं, तिथलंच सरकारी इंजिनिअरिंग 1960 चं, परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. नांदेडचं स्वतःचं विद्यापीठ तर 1994 चं, म्हणजे मराठवाडा विद्यापीठानंतर 36 वर्षांनी.

या सनावळीतून एक गोष्ट दिसते. आपल्याकडे पर्याय एकेक करून आले, दहा-दहा वर्षांच्या अंतरानं. एक नवीन कॉलेज निघालं की त्या पिढीसाठी तेच 'जायचं ठिकाण' ठरायचं. चार गोष्टी समोर ठेवून क्रम लावायचा सराव घरात कुणाला नव्हता. त्यातून मुलींच्या बाबतीत क्रम लावायचं निकष एकच असे: बस संध्याकाळी परत आणते का. (हे मी भूतकाळात लिहिलंय खरं. तुमच्या घरी अजून वर्तमानकाळ असेल तर तेवढं दुरुस्त करून वाचा.)

1983 पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळू लागली आणि जागा वाढल्या. पण जागा कुणाच्या, हा वाद उरला. वैद्यकीय प्रवेशात बरीच वर्षं 70:30 चं सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, प्रत्येक भागातल्या 70 टक्के जागा तिथं शिकलेल्यांना, 30 टक्के राज्यभरासाठी. आता हिमायतनगरच्या नकाशावर हे बसवून बघा. पैनगंगेच्या अलीकडे आपण मराठवाडा, पलीकडे उमरखेड तालुका म्हणजे विदर्भ. बाजार एक, सोयरीक एक, पाऊसही एकच, पण नदी ओलांडली की मेडिकलच्या जागांचं गणित वेगळं. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं कमी, म्हणून आपल्या वाट्याच्या जागाही कमी. सप्टेंबर 2020 मध्ये हे सूत्र रद्द झालं. माझ्या मते उशिरा झालं, पण चांगलं झालं.

आता थोडा वेळ मराठवाडा सोडून अमेरिकेत जाऊ, कारण तुमच्या फॉर्मचं गणित तिथं तयार झालं. 1962 मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी सहा-सात पानांचा एक लेख लिहिला. विषयच कॉलेज प्रवेश. सगळ्यांच्या पसंत्या घ्यायच्या आणि असं वाटप करायचं की नंतर "मला ते कॉलेज जास्त आवडत होतं आणि त्या कॉलेजनंही माझ्याहून कमी गुणांच्या मुलाला घेतलं" अशी तक्रार कुणालाच करता येऊ नये. असं वाटप नेहमी शक्य आहे हे त्यांनी सिद्ध केलं आणि ते करायची रीतही दिली. पुढे 1980 च्या सुमारास त्यातलीच आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: या रीतीत विद्यार्थ्यानं खरी आवड खऱ्या क्रमानं लिहिणं हेच त्याच्या सर्वांत फायद्याचं. लबाडी करून काही मिळत नाही. 2012 मध्ये शॅप्लींना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तेव्हा हयात नव्हते.

आपल्याकडची केंद्रीय प्रवेश फेरी ढोबळमानानं याच कुळातली. कॉम्प्युटर गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरू होतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून वाचतो. पहिलं कॉलेज भरलेलं असेल तर दुसरं बघतो, तेही भरलेलं असेल तर तिसरं. वरच्या ओळीत अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या ओळीतली जागा तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला जात नाही. हे दोनदा वाचा, कारण ऑनलाइन सेंटरवर याच्या बरोबर उलटं सांगतात: "एवढं मोठं कॉलेज वर टाकू नको, चान्स वाया जाईल."

ही भीती सरसकट खोटी आहे असंही नाही. बॉस्टन शहरात शाळा-प्रवेशाची रीत 2005 पर्यंत तशीच होती. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीच्या जागा भरायच्या, उरल्या तर दुसऱ्या पसंतीच्या. तिथं पहिली ओळ खरंच वाया जायची. हुशार पालक हिशेबानं खोटी पसंती लिहायचे आणि ज्यांना हिशेब माहीत नाही त्यांची मुलं मागं पडायची. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर शहरानं रीत बदलली. आपला फॉर्म बॉस्टनच्या जुन्या रीतीचा नाही, भीती मात्र तीच आहे.

म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून उतरत्या क्रमानं यादी लावणं मला पटत नाही. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांची आवड. तुम्हाला ॲग्री आवडत असेल आणि कॉम्प्युटरचा कटऑफ वर असेल, तर तुमच्या यादीत ॲग्रीच वर हवं. लातूरला जाऊन दोन वर्षं खोली करून राहायचं की नांदेडला, की गावातल्याच हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालयात, हेही कटऑफ सांगत नाही.

दोन ठिकाणी मात्र गेल-शॅप्लींचं आश्वासन ढिलं पडतं, तिथं डोकं लावा. पहिलं, यादीची मर्यादा. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, म्हणजे आपल्याकडेही, आणि पसंत्या जास्तीत जास्त दहा. दहाही ओळी अवघड कॉलेजांनी भरल्या तर हात रिकामे राहू शकतात. म्हणून शेवटच्या दोन-तीन ओळींत नक्की मिळेल असं, आणि मिळालं तर जाल असं कॉलेज हवं. क्रम तरीही खऱ्या आवडीचाच. दुसरं, सक्तीनं गोठणारी जागा. 2025 च्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही जागा मिळाली की तुमच्यासाठी तिथंच पूर्णविराम, पुढच्या फेरीत वर सरकता येत नाही. अकरावीतही पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा वरच्या सहा ओळींतल्या प्रत्येक नावापुढं स्वतःला विचारा, हे मिळालं तर मी खरंच थांबेन का. नाही असेल तर ते नाव सातव्या ओळीत किंवा त्याखाली. आणि तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः उघडून बघा, हे आकडे दरवर्षी बदलतात. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सर्व्हर रडायला लागतो, तेव्हा यादी आदल्या रात्री घरच्यांसोबत बसून वहीत लिहा आणि सेंटरवाल्या दादाला ती वही बघूनच टाइप करायला सांगा.