ब्रूझ

ब्रूझ : (डच नाव ब्रुगे). बेल्जियममधील वेस्ट फ्लँडर्स प्रांताची राजधानी आणि कालव्यांसाठी ख्यातनाम मध्ययुगीन शहर. लोकसंख्या १,१७,०७३ (२००८), पैकी सु. २०,००० जुन्या शहरात. उत्तर समुद्रापासून सु. १५ किमी. आत वसलेल्या या शहरात ब्रुसेल्सहून रेल्वेने तासाभरात पोहोचता येते.

शहराला ११२८ मध्ये सनद मिळाली. ११३४ च्या वादळात समुद्र आत घुसून झ्वीन ही खाडी तयार झाली व ब्रूझला समुद्राची वाट मिळाली. मोठी जहाजे डामे येथे थांबत. तेथून माल होड्यांनी थेट मार्केट चौकातील ‘वॉटरहाले’ या छपराखालच्या धक्क्यावर उतरे (ही इमारत १७८७ मध्ये पाडली गेली). जेनोआची जहाजे १२७७ मध्ये आली, हॅन्सा या व्यापारी संघाने वखार घातली आणि इंग्लंडच्या लोकरीचे कापड येथून सर्वत्र जाऊ लागले. व्हान डेर ब्यूर्झे कुटुंबाच्या सरायीसमोर व्यापारी जमत. शेअरबाजारासाठी युरोपीय भाषांत रूढ झालेला ‘बूर्स’ हा शब्द याच कुटुंबाच्या नावावरून आल्याचे मानतात. १८ मे १३०२ रोजी पहाटे नागरिकांनी फ्रेंच शिबंदीची कत्तल केली. त्याच वर्षी ११ जुलैला कोर्टरायक येथे विणकर-कारागिरांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांच्या घोडदळाचा पराभव केला. बर्गंडीच्या ड्यूकांच्या काळात वैभव शिगेला पोहोचले. चित्रकार यान व्हान आइक येथेच १४४१ मध्ये वारला. इंग्रज मुद्रक कॅक्स्टनने इंग्रजीतील पहिले मुद्रित पुस्तक सु. १४७३ मध्ये येथेच छापल्याचे मानले जाते. दशमान अपूर्णांकांचा युरोपात प्रसार करणारा सायमन स्टेव्हिन (जन्म १५४८) ब्रूझचाच.

पुढे झ्वीन गाळाने भरत गेली. १४८८ मध्ये नागरिकांनी हॅब्सबर्ग घराण्यातील शासक माक्सिमिलियनला कैदेत टाकले. त्यानंतर परदेशी व्यापारी अँटवर्पकडे वळले. एकोणिसाव्या शतकात ब्रूझ अत्यंत दरिद्री होते. जुने पाडून नवे बांधण्याची ऐपतच नसल्याने मध्ययुगीन गल्ल्या व कालवे टिकले. मात्र आज दिसणारे अनेक गॉथिक दर्शनी भाग त्याच शतकात नव्याने घडवलेले आहेत, हे लक्षात ठेवावयास हवे. लेखक रोडेनबाखच्या १८९२ च्या कादंबरीने या ‘मृत’ नगरीची कीर्ती पसरवली. २००० मध्ये जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आले.

ब्रूझचे समुद्रकिनाऱ्यावरील झेब्रुगे बंदर १९०७ मध्ये सुरू झाले. २०२२ पासून ते अँटवर्प बंदराशी संलग्न आहे. पर्यटन, बिअर व लेस हे इतर व्यवसाय.

बहुतेक प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततात आणि जुने शहर पायी पाहण्यास एक दिवस पुरतो. स्थानकापासून जवळच मिनेवॉटर तलाव व बेगिनाज आहे. १२४५ मध्ये स्थापन झालेल्या या वसतिस्थानात आजन्म व्रताविना धर्माचरण करणाऱ्या स्त्रिया राहत. १९२७ पासून तेथे बेनेडिक्टाइन जोगिणी आहेत. पुढे सेंट जॉन रुग्णालयात चित्रकार मेमलिंगची चित्रे, तर सु. ११५ मी. उंच विटांच्या मनोऱ्याच्या अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेली माता-बालकाची संगमरवरी मूर्ती आहे. ती फ्रेंचांनी १७९४ मध्ये व जर्मनांनी १९४४ मध्ये नेली. दोन्ही वेळा परत आली. ग्रूनिंगे संग्रहालयातील व्हान आइकचे १४३६ चे चित्र शांतपणे पाहावे असे आहे. कालव्यांतून होडीची फेरी अर्ध्या तासाची असते. कमी उंचीच्या दगडी पुलांखालून जाताना घरांच्या पाण्यात उतरलेल्या मागच्या भिंती केवळ होडीतूनच दिसतात. मार्केट चौकातील घंटाघर ८३ मी. उंच असून ३६६ पायऱ्या चढल्यावर ४७ घंटांचा संच व सपाट फ्लँडर्सचा विस्तार दिसतो.