कोसभर वाट

केडगाव म्हटले की पुण्याकडच्या माणसाला पंडिता रमाबाई आठवतात. ते केडगाव दौंडजवळचे. आमचे केडगाव नगरचे, रेणुकामातेचे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला सारे नगर तिकडे लोटते. आता ते शहरातच जमा झाले आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ते पुणे रस्त्यावरचे वेगळे खेडे होते आणि नगर तिथून कोस-दीड कोसावर.

एवढीशी तर वाट, असे आपल्याला वाटेल. परंतु मांडीवर तापाने फणफणलेले पोर घेऊन निघालेल्या बाईला ती किती लांब होती, याची कल्पना आज येणे कठीण. पोराला डबा झाला की पोटावर डाग देत. घटसर्प झाला की अंगारा लावून देवावर हवाला ठेवीत. दवाखाना नव्हता असे नव्हे. सरकारी दवाखाना होता. पण तिथला डॉक्टर पुरुष! लेकराला घेऊन परक्या पुरुषापुढे जायचे, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, हे घरच्यांना कसे रुचावे? मग 'बघू उद्या' म्हणत दिवस जात, आणि एखादा उद्या उगवतच नसे.

ही व्यथा केवळ खेड्यातली होती असेही नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघे दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या असतील. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. गोपाळरावांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडले. ना नाते, ना ओळख. तरी त्या बाईने उलटटपाली सख्खेपणाने लिहिले, आणि १८८३ साली आनंदीबाई आगबोटीतून उतरल्या तेव्हा त्यांना आपल्या घरी नेले. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. एकाही मराठी आईला त्यांच्या औषधाचा लाभ झाला नाही. ही रुखरुख आपल्याला अजून आहे.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १९०४ साली, नगरला बायका-मुलांचा दवाखाना निघाला. काढणारी बाई अमेरिकन. नाव डॉक्टर रूथ ह्यूम. अमेरिकन म्हटले खरे, पण या घराण्याची ही इकडची तिसरी पिढी. आजोबा १८३९ साली मुंबईस आले. वडील रॉबर्ट ह्यूम यांचा जन्मच मुंबईचा, १८४७ चा. छप्पन्नच्या दुष्काळात, १९०० साली, न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाची आगबोट मका भरून मुंबईच्या बंदरात आली, त्या मदतीच्या वाटपात रॉबर्ट ह्यूम पुढे होते. मुलीने धान्याऐवजी औषध हाती घेतले, इतकाच फरक. दवाखान्याला पैसा लागे तो तिकडच्या बायकांनी वर्गणी काढून पाठवलेला. त्यांनी नगर पाहिलेले नव्हते, पुढे पाहण्याची आशाही नव्हती.

डॉक्टर बाई आहे, एवढ्या एका गोष्टीने किती अडसर निघाले पाहा! सासू बरोबर येऊ शकत होती. आई लेकराचे दुखणे मोकळेपणी सांगू शकत होती, आणि जमले तर स्वतःचेही. कारण आईच अशक्त असली तर अंगावरच्या मुलाला बाळसे कुठून धरणार?

आता, औषधाबरोबर तिथे प्रार्थनाही असे, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. 'मिशनचा दवाखाना' म्हणताना पुष्कळांच्या मनात संशय असे, आणि तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. धर्मप्रसार हे मिशनचे उघड उद्दिष्ट होते. पण रात्रभर धाप लागलेले पोर उराशी धरून बसलेल्या बाईला असल्या वादांत पडायला सवड नसते. तिला विचारायचे असते ते एकच: हे वाचेल ना? या प्रश्नाला उत्तर द्यायला जे माणूस जागे राहिले, त्याच्या पदरी तेवढे माप टाकलेच पाहिजे. आपल्याकडच्या किती धनिकांनी तेव्हा असा दवाखाना काढला, हेही जाता जाता मोजून पाहावे.

असो. १९३९ साली हा दवाखाना साल्व्हेशन आर्मीकडे गेला. त्या संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख इव्हँजेलिन बूथ यांचे नाव त्याला मिळाले, आणि नगरकरांच्या तोंडी ते नुसते 'बूथ हॉस्पिटल' झाले. २०२० च्या साथीत कोविडच्या रोग्यांवर तिथे मोफत उपचार झाले. अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले, केडगावच्या शेतांत बंगले उठले. पण पत्ता विचारला तर जुनी माणसे अजून 'बूथच्या अलीकडे' नाही तर 'बूथच्या पलीकडे' असाच सांगतात.